श्रद्धांजलीला पूतनेचा फोटो

बायकोचं तेरावंही झालं नव्हतं, तोच चौकात मंडळानं फ्लेक्स लावला. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली अध्यक्ष आणि कार्यकर्ते, हात जोडलेले, सगळे गोरे करून छापलेले. वर माझी बायको. केस पिंजारलेले, तोंडाला पुठ्ठ्याचे सुळे. पूतना. त्या सुळ्यांवर हार.

किळस आली. मेलेल्या बाईला पण सोडलं नाही.

विश्रांतवाडीत आमच्या गल्लीतलं मंडळ दर गणपतीत जिवंत देखावा करतं. माणसंच देव होतात, माणसंच राक्षस. बायको काळी, दात पुढं. म्हणून ती कधी पूतना, कधी त्राटिका, कधी शूर्पणखा. अध्यक्ष म्हणायचा, "काकू, तुम्हाला मेकअप कशाला? मंडळाचा रंग वाचला." मंडप हसायचा.

तिला एकदा तरी देवी व्हायचं होतं. एका वर्षी महाकालीचा देखावा ठरला. ती हरखली. मला म्हणाली, "अहो, काली तर काळीच हाय. आता कसं नाही म्हणतील?"

स्वतः विचारायला गेली. अध्यक्ष म्हणाला, "काकू, देवीला चेहरा लागतो."

आणि आपल्या गोऱ्यापान सुनेला काली केली. काळा रंग फासून. माझ्या बायकोला तिच्या पायाशी आडवी पाडली, मेलेली राक्षसीण म्हणून. लोक सुनेच्या पाया पडत होते. घरी आल्यावर बायको मोरीत बसून बराच वेळ तोंड धूत होती. म्हणाली, "तिचा रंग साबणानं गेला. झाली मोकळी."

ते सगळं फ्लेक्सखाली उभं राहून आठवलं. अध्यक्ष तिथंच होता. म्हणालो, "हा फोटो काढा."

"काका, लोक काकूंना असंच ओळखतात. प्रेमानं लावलाय. आणि हो, यंदा देशोदेशींच्या पुराणातल्या बायका दाखवायच्यात. त्यात परदेशातली एक राक्षसीण आहे, केसांऐवजी साप. तुमची नात द्या. काकूंवरच गेलीय."

नात शेजारीच उभी होती. कॉलेजला जाणारी पोर. तिनं मान खाली घातली. ती मान बघितली आणि माझं ठरलं.

"तुमच्या सुनेला बसवा," म्हणालो. "काळा लावता येतो, तर साप पण लावता येतील."

"काका, दुःखात आहात म्हणून ऐकून घेतोय."

"मी दुःखात नसताना पण ऐकायची सवय करा."

भाजीवालीची सुरी मागून घेतली, सुतळ्या कापल्या, फ्लेक्स खाली ओढला. गुंडाळून काखेत मारला. रस्त्यात टाकला असता तर लोकांनी तुडवला असता.

घरी आल्यावर नातीला समोर बसवलं. म्हणालो, मी काही फार दिवसांचा नाही. माझ्यामागं हे परत येतील, गोड बोलतील. तुला राक्षसीण व्हायचं तर हो, देवी व्हायचं तर हो, तुझी मर्जी. पण तोंड बघून कुणी पार्ट दिला, तर दार लावून आत रडायचं नाही. चौकात जायचं. सगळ्यांसमोर नाही म्हणायचं.

"आणि ते हसले तर?"

"हसू दे. हसून झाले की परत नाही म्हण."