रुळाआधी उतरायचं

मोशीच्या दगडखाणीवर मी टेम्पो चालवायचो. सकाळी वस्तीवरून माणसं घ्यायची, खाणीवर सोडायची, संध्याकाळी परत आणायची. वाटेत मालगाडीच्या रुळांचा एक फाटा रस्ता ओलांडून गोदामाकडे जायचा. तिथे फाटक नाही की राखणीला माणूस नाही. डबे पुढे आणि इंजिन मागे, असे उलटे ढकलत आणायचे, त्यामुळे आवाजही धड यायचा नाही. म्हणून माझा नियम होता: रुळाआधी सगळ्यांनी उतरायचं, चालत पलीकडे जायचं, मग मी रिकामी गाडी पलीकडे न्यायची.

यावरून माझी भरपूर टिंगल व्हायची. त्यात सगळ्यांत पुढे असायचा परभणीकडचा एक दगड फोडणारा. गुडघे दुखायचे बिचाऱ्याचे, चढ-उतार सोसायचा नाही. बायको त्याच्याबरोबरच खाणीवर खडी भरायची, तीच त्याला हात देऊन चढवायची. एके सकाळी त्याने मला ‘फाटकवाले मामा’ अशी हाक मारली आणि अख्खा टेम्पो खिदळला. माझं डोकं मुळातच तापट. म्हटलं, बसा लेको, माझ्या बापाचं काय जातंय! तिथून पुढे चार दिवस मी कोणालाच उतरवलं नाही. रागारागाने भरली गाडी रुळांवरून नेली.

पाचव्या दिवशी राजगुरुनगरला भाचीचा साखरपुडा होता, म्हणून मालकाने दुसरा ड्रायव्हर दिला. त्याच्या हातात किल्ली देताना गिअर कुठे अडकतो ते सांगितलं, रुळाबद्दल अवाक्षर काढलं नाही. गाडी नेमकी रुळावर बंद पडली आणि वळणावरून डबे आले. सगळ्यांनी पटापट उड्या टाकल्या. गुडघेवाल्याने बायकोला ढकलून दिलं, स्वतःला मात्र उतरता आलं नाही. तो जागीच गेला.

तेराव्याला वस्तीभर एकच बोलणं होतं: तुम्ही असता तर हे झालं नसतं. माझी वाचाच बसली होती, लोकांना ते दुःख वाटलं. पुढे त्यातूनच मला मान मिळायला लागला. कुणाचं भांडण मिटवायचं असलं की मला बोलावणं यायचं. मी खाण सोडून चाकणला कंपनीची बस धरली, तरी तो मान काही सुटेना. लाज वाटायची, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं. टेम्पोतली माणसं तेवढी त्या विषयावर गप्प असायची. मला वाटायचं, धक्क्याने विसरली असतील.

यंदा दिवाळीनंतर एका दुपारी त्या गुडघेवाल्याची बायको घरी आली. लेकीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका पुढे ठेवून म्हणाली, कन्यादानाला तुम्ही दोघं नवराबायको बसा, ह्यांच्या जागी.

आता गप्प बसलो तर माझ्यासारखा नीच मीच, एवढं मला कळलं. चहा तसाच राहिला. मग एका दमात सगळं सांगून टाकलं: ते चार दिवस, माझा राग, नव्या ड्रायव्हरला न सांगितलेली गोष्ट. माझी बायको माझ्याकडे बघतच राहिली. तिलाही मी हे कधी बोललो नव्हतो.

बाई पत्रिकेच्या कडेवरून बोट फिरवत होती.

“ठाऊक हाय की, भाऊ,” ती म्हणाली. “टेम्पोतल्या समद्यांनाच ठाऊक हाय. त्या दिशी रूळ आला तवा हे सवयीनं उतराया उठले हुते. मीच म्हणले, बसा, आता कोण उतरवतंय. हाताला धरून मीच खाली बसवलं.”

तिने हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मी उठून तिला पाणी दिलं. थोड्या वेळाने माझ्या बायकोने मुहूर्त किती वाजताचा आहे, ते विचारलं.