कव्हर घातलेली पुस्तकं

शेजारच्या देशमुखबाई काल दुपारी जमिनीवर बसून पुस्तकांना खाकी कव्हरं घालत होत्या. शिक्षिका होत्या, पण निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. घरात शाळेत जाणारं कुणी नाही. मी विचारलं तर हळूच म्हणाल्या, "अहो, मागच्या गल्लीतल्या सरांना नेलं ना, तेव्हा पंचनाम्यात पुस्तकांचीच नावं होती."

सर दीड वर्ष आत आहेत. खटला उभा राहत नाही, जामीन मिळत नाही. देशाच्या सुरक्षेचा कायदा आहे म्हणे. कुठली सुरक्षा? सत्तरीच्या बाईला स्वतःच्या घरात वाचायची चोरी झाली आहे.

संतापानं धुमसतच मी घरी आले. कपाट उघडलं आणि सरांनी दिलेलं पुस्तक मागच्या रांगेत सरकवलं.