न लिहिलेलं लेकरू

कृष्णकांत बक्षीचा कुठल्याच आईच्या शब्दावर विश्वास नव्हता. एरवी धंतोलीत राहणारा, नागपूरच्या सरकारी कचेरीत आकडेमोड करणारा सरळ माणूस. पण जनगणना झाली की त्याच्या अंगात संशय संचारायचा. मोजणीत तान्ही मुलं नेहमी कमी भरतात, हे त्याचं जुनं दुखणं. शंभर जन्मली तर कोणत्या वयापर्यंत किती टिकतात, हे सांगणारा तक्ता त्याच आकड्यांवर उभा राहायचा. पायाच कच्चा, तर तो तक्ता काय चाटायचा?

म्हणून एकाहत्तरच्या फेरतपासणीत त्याने स्वतःची युक्ती चालवली. आधी वाळत घातलेले कपडे बघायचे, मग प्रश्न विचारायचे. दृष्ट लागेल म्हणून बाया लेकरू लपवतात. झबलं कुठे लपवतील?

उमरेडला विणकर देवाजीच्या घरी तो भर दुपारी पोचला. देवाजी मागावर होता, त्याने मान वर केली नाही. त्याची बायको अंजनाबाई म्हणाली, "मी अन् हे. तिसरं कोणी नाही." तिच्या डोक्यावरच्या दोरीवर ओलं झबलं ठिबकत होतं.

"मग हे कोणाचं?"

बाई पांढरीफटक पडली. ओसरीत टांगलेल्या झोळीची दोरी तिच्या हातात होती, ती हलवायचं मात्र तिने थांबवलं नाही. "साहेब, याले लिहू नका. मागच्या मोजणीत तिघं लिहिले, वर्षाच्या आत तिघंही गेले. हा मागून झालेला, एवढाच उरला. पाया पडतो तुमच्या."

"कागदाने कोणी मरतं होय, बाई?" कृष्णकांत हसला आणि त्याने लिहून टाकलं: मुलगा, आठ महिने. वय तिनेच रडत रडत सांगितलं. "निजला आहे," म्हणाली, म्हणून झोळीत डोकावला नाही. चोर पकडल्याच्या ऐटीत तो बाहेर पडला.

कोपऱ्यावर शेजारची बायजाबाई घागर घेऊन येत होती. तिला त्याने सहज विचारलं.

"पोरगं? कोणतं जी? तो तं दोन वर्षाआधी गेला. आठ महिन्याचा होता. ते झबलं ती रोज धुऊन वाळू घालते."

रणरणत्या उन्हात कृष्णकांतच्या अंगावर काटा आला. तेव्हाही आठ महिने, आजही आठ. जिवंतांच्या हिशेबात एक मेलेलं मूल त्याने स्वतःच्या हाताने घातलं होतं. खोडायला तर हवंच होतं. पण आईच्या देखत खोडायचं म्हणजे पोर पुन्हा मारायचं, असं त्याला वाटलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही.

तरी 'लिहू नका' म्हणणाऱ्या बाईला खोडल्याचं दाखवायलाच हवं, म्हणून तो परत गेला. कागद तिच्यासमोर धरून त्याने नोंदीवर आडवी रेघ मारली. "खोडलं, बाई. घरात दोघंच."

अंजनाबाई रडली नाही. तिचा चेहरा उजळला. "खोडलं न जी, पक्कं? आता त्याले कोणी नेत नाही."

मागाची खटखट थांबली. देवाजीने डोळे पुसले आणि पुन्हा कामाला लागला. झोळी रिकामी असायला हवी होती, पण जड काही ठेवल्यासारखी खाली ताणलेली होती. जवळ जाऊन बघायची कृष्णकांतची छाती झाली नाही.

"तुमाले लेकरं किती, साहेब?" अंजनाबाईने मायेने विचारलं.

कृष्णकांतला दोन मुली होत्या. झोळीची दोरी संथ कुरकुरत होती.

"नाही," तो म्हणाला. "मला कोणी नाही."