आमेन झाल्यावर आई बोलली

भूतबाधा, अंगात येणं, आवाज ऐकू येणं... यातलं काही मी कधी मानलं नाही. मी चर्चचा पंच आहे, कारभार बघणाऱ्यांपैकी एक. मंडळीत कोणी असलं काही बोललं तर मीच त्याला गप्प करायचो. म्हणून हे लिहायला मला चार वर्षं लागली.

नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या आमच्या वस्तीवरची गोष्ट. आईला अर्धांगाचा झटका येऊन नऊ महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. "अं" सोडून एक अक्षर नाही. मेंदूतला बोलण्याचा भागच गेलाय, असं डॉक्टरांनी फिल्म दाखवून सांगितलं होतं. तिचं सगळं मी आणि धाकटी बहीण मार्था करायचो. त्या आठवड्यात आईच्या छातीत कफ भरला, ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, "नगरला हलवा, वाचतील." अँब्युलन्सवाल्याचा नंबरही त्यांनी लिहून दिला. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

खरं सांगतो — मी दमलो होतो. मला सुटका हवी होती. पण हे तोंडाने कसं म्हणणार? म्हणून रविवारी उपासनेनंतर दुपारी मी घरीच प्रार्थना ठेवली. आमच्यात एखादी गोष्ट देवाच्या हाती सोपवली आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं, की तो विषय संपतो. परत काढणं म्हणजे अविश्वास. हे मला पक्कं माहीत होतं.

दहा-बारा माणसं आली. शेजारच्या सुमनमावशी खाटेशी टेकत आईला म्हणाल्या, "लई बोललीस गं जन्मभर. आता आमाला बोलू दे जरा." सगळे हसले. आईही डाव्या गालाने हसली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "प्रभू, आता दवाखाना नको, माणसाची धडपड नको. तुझी इच्छा आम्हाला मान्य आहे. तुझ्या दासीला शांतीने ने." सगळे म्हणाले, आमेन.

आणि आई बोलली. जीभ जड नाही, अगदी पूर्वीसारखी.

"शांतवन, ही तुझी इच्छा हाय. त्याची न्हाई."

मी डोळे उघडले. तिचे ओठ मिटलेले होते. छातीतली घरघर चालूच होती. मावशी पदर सारखा करत होत्या, बाकीचे चपला शोधत होते. कोणाला काही जाणवलं नव्हतं. फक्त मार्था पांढरी पडली होती.

"दादा... आई बोलली?"

"न्हाई."

"आरं, मी आयकलं."

"मार्था, आमेन झालंय."

ती आईचं तोंड पुसायला वळली.

आई गुरुवारी गेली. मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी माझ्या समर्पणाचा दाखला दिला. अजूनही कोणाच्या घरी माणूस अत्यवस्थ असला की प्रार्थनेला मलाच बोलावतात. मी जातो. शब्द सगळे येतात... पलीकडे कोणी ऐकतंय असं मात्र वाटत नाही.

आई कशी बोलली, मला माहीत नाही. नंतर एका मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, शक्यच नाही. मार्थाने तो विषय पुन्हा काढला नाही. ती आता माझ्याशी कामापुरतंच बोलते.

आवाजाचा उलगडा झाला नाही, होणारही नाही. पण रविवार ते गुरुवार अँब्युलन्सवाल्याचा नंबर माझ्या खिशात होता — आणि तो मी का लावला नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे.