मानपत्रातली कोरी ओळ

मुदखेडच्या स्टेशन रोडला बसवंतभाऊंचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, मानपत्रं, सगळं तिथं होतं. पण दुसरीकडं दहा मिनिटांत होणारं काम इथं दोन तास घेतं, कारण हा माणूस प्रश्न विचारून विचारून डोकं खातो. आमची तर ओळखच भांडणातून झाली.

आमच्या अंगणवाडीतल्या मदतनीस पार्वतीबाई निवृत्त होणार होत्या. बत्तीस वर्षांची नोकरी, त्यातली अकरा वर्षं मी सेविका म्हणून त्यांच्यासोबत. बाईंवर आजवर कुणी एक ओळ लिहिलेली नव्हती. गावासमोर त्यांच्याबद्दल काही वाचलं जाणार, ते एवढं एकदाच. आणि मी शहाणी, गेल्या वर्षी एका ग्रामसेवकाला दिलेलं मानपत्र मोबाईलमध्ये घेऊन गेले. म्हटलं, "नाव तेवढं बदला."

भाऊंनी चष्मा वर केला. "कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, सेवेचा नंदादीप... ताई, ह्यात पार्वतीबाई कुठं हायत?"

"म्हणजे?"

"नवं लेकरू रडायलं तर त्या काय करतात?"

"कडेवर घेऊन खिडकीवरचं चिमणीचं घरटं दाखवतात."

"अन् लेकरू आलंच न्हाई तर?"

"घरी जाऊन घेऊन येतात. पोरगी असली तर वाटेतच वेणी घालतात."

"मग दिवा कशाला पायजे? वेणी हाय की!"

ते विचारत गेले, मी सांगत गेले. त्यांनी टाइप करायचं, मी खोडायचं. मग त्यांनी विचारलं, "बाईंना स्वतःला काय आवडतं?"

चहा म्हणणार होते, पण बाई चहा घेतच नाहीत. "अहो भाऊ, मानपत्र छापायलाव का जनगणना करायलाव?" मी चिडले. तरी बाईंच्या सुनेला, ऋतुजाला, फोन लावला. तिलाही सांगता आलं नाही. भाऊंनी कोपऱ्यात लावायला फोटो मागितला, तर दर सव्वीस जानेवारीच्या ग्रुप फोटोत बाई एकदाही नाहीत! शेवटी आधारकार्डावरचा लावला.

कार्यक्रमाच्या दिवशी भाऊ स्वतः फ्रेम घेऊन आले. बघते तर शेवटी 'पार्वतीबाईंना आवडतं' एवढंच, आणि पुढं कोरं. वर काचसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं. "गावासमोर माझी फजिती करता का?"

"तिथं आलं की त्यांनाच विचारा, ताई. काच नंतर बसवतो."

वाचायला लागले. घरटं आलं तशा बाया हसल्या. वेणी आली तशी आमच्याच अंगणवाडीतली, आता कॉलेजात जाणारी सृष्टी रडायलाच लागली. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. कोरी ओळ आली आणि मी थांबले. "बाई, तुम्हाला काय आवडतं?"

"मला कशाला विचारायलाव, ताई?" त्या गडबडल्या. मग म्हणाल्या, "फोटू काढून घ्यायला लई आवडतंय. पण लेकरं सरळ बघत न्हाईत. म्हणून दरसाली मी फोटोवाल्यापाशी उभं ऱ्हाऊन टाळ्या वाजवते."

अगं बाई! अकरा वर्षं त्या टाळ्या मी ऐकत होते. त्यांच्याकडं बघून फोटोत छान हसत होते. लाज वाटली मला, खरंच.

भाऊंनी खिशातलं पेन पुढं केलं. मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं, ते आता तसंच काचेखाली आहे.

मग लेकरं गोळा केली. मधल्या खुर्चीवर बाईंना बसवलं, हातात मानपत्र दिलं आणि मी जाऊन फोटोवाल्याशेजारी उभी राहिले. "इकडं बघा रे, इकडं!" म्हणत टाळ्या वाजवल्या. लेकरं कुठली बघतात! बाई मात्र सरळ बघत होत्या.