पितरांच्या पंधरवड्यातली जाहिरात

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका खासगी संस्थेत मी जाहिरात अन् जनसंपर्काचा डिप्लोमा करत होते. शेवटची अट अशी, की खऱ्याखुऱ्या दुकानदारासाठी जाहिरात बनवायची आणि त्याची मंजुरीची सही आणायची. सही नाही तर डिप्लोमा नाही. अन् एका एजन्सीनं मला सांगून ठेवलं होतं, डिप्लोमा घेऊन या, मग बोलू.

माझा दुकानदार महाल भागातला साडीवाला. साठीचे काका, बोलायला गोड. मी नंदनवनातल्या घरून सायकल हाणत पोचले, की आधी म्हणायचे, "पोरीले पाणी द्या रे." आडनावावरून माझं काही कळण्यासारखं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. काहून सांगायचं?

जुनी वर्तमानपत्रं चाळताना मला दिसलं, की दसऱ्याआधी एक पंधरवडा असा येतो, जेव्हा साड्यांची एकही जाहिरात नसते. म्हटलं, सगळे झोपलेत. आपण तेव्हाच द्यायची, पानावर आपलीच दिसेल. स्वतःवर भारी खूश होते मी. सरांनी मजकूर तपासला, चित्र तपासलं. तारखा माझ्यावर सोडल्या.

सही सादर करायच्या आदल्या दुपारी, काका पाणी मागवायच्या आतच, मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. ते वाचत गेले अन् तारखांवर त्यांचं बोट थांबलं.

"काहून वं पोरी, पितृपक्षात नवी साडी? लोक पितरांले जेवू घालतील का खरेदी करतील? तुमच्या घरी पाळत नाहीत का?"

छप्पनला आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हाच आमच्या घरातून श्राद्ध-पक्ष सुटले. पितृपक्ष मी नुसता ऐकून होते, येतो कधी ते ठाऊक नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "चुकलं, तारखा बदलते" म्हटलं असतं तर सुटले असते. पण लपवायचा मला एकदम संताप आला.

"नाही पाळत," मी म्हटलं. "आम्ही बौद्ध आहोत."

माझे कान तापले. मग मीच पुढं रेटलं, "दसऱ्याले आमच्या बाया पांढरी साडी नेसतात. गावोगावच्या येतात नागपुरात, दीक्षाभूमीवर. या पंधरा दिवसांत तुमचं दुकान रिकामंच राहते ना? मग पांढऱ्या साड्यांची जाहिरात द्या."

त्यांनी कपाटातल्या पांढऱ्या साड्या मोजल्या. मग मजकुरात 'पांढऱ्या' हा शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं घातला अन् खाली सही केली.

"घ्या मॅडम," म्हणाले. तोवर मी 'पोरी' होते.

कागद मी पिशवीत घातला. "काका, आज पाणी नाही पाजलं?"

ते थबकले. नोकराकडे बघितलं, मग स्वतःच उठले आणि माठातलं पाणी आणून दिलं. मी सगळं प्यायले. तो पेला त्यांनी बाकीच्या पेल्यांजवळ ठेवला नाही. मागच्या दारी नेऊन पायरीवर पालथा घातला. मी बघते आहे, हे त्यांना दिसत होतं.

पिशवीतला कागद काढून त्यांच्यासमोर टराटरा फाडावा, असं अगदी मनात आलं होतं. फाडला नाही. डिप्लोमा पाहिजे होता मले.