वीस कोयते

९ ऑक्टोबरला सकाळी सव्वादहा वाजता तेलगावच्या मैदानावर आमच्या कंपनीच्या ऊसतोड मजूर मेळाव्याच्या फाटकावर रांग अडली. नोंदणी, प्रवेश, जेवण आणि अपघात विमा या चारही यंत्रणा आम्ही एकाच पासाला जोडल्या होत्या. पास नसेल त्याला विमा नाही. फाटकावरच्या पास तपासणाऱ्या यंत्राने एका टोळीचे वीस पुरुष आत सोडले आणि त्यांच्या वीस बायका उन्हात उभ्या राहिल्या. मी मुकादमाला जाब विचारला. तो म्हणाला, “सायेब, वीस कोयते लिवले, वीसच आणलेत. कोयता म्हंजी नवरा-बायको, हे बी ठावं न्हाई का तुमच्या मशिनीला?” रांगेतली एक बाई आत गेलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवून हसली, “ह्यो एकटाच तोडतोय व्हय? मोळी कोण उचलतं, इचारा की त्याला!” चूक त्यांची नव्हती. नोंदणीच्या अर्जात ‘कोयते किती’ हा रकाना मीच लिहिला होता; त्याचा अर्थ संगणकवाल्यांना सांगितला नव्हता, म्हणून पास वीसच निघाले. मी फाटक उघडायला लावले आणि संगणक घेऊन प्रत्येकीला नाव विचारू लागलो. मघाची बाई गोंधळली, “माझं? मालकाचं लिवलंय की.” तिला दुसऱ्यांदा विचारावे लागले. व्यासपीठावर भाषणे चालू होती. विसावे नाव विम्याच्या यादीत चढवले आणि मगच मी संगणक बंद केला.